‘कमी बसा’ : एका वैद्यकीय आज्ञार्थाची चिकित्सा

पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णास आज दोन प्रकारचा उपदेश केला जातो. ‘चाला’ हा पहिला आणि ‘कमी बसा’ हा दुसरा. पहिला उपदेश जुना असून त्याच्या पाठीशी भरपूर पुरावा आहे. दुसरा तुलनेने नवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली शारीरिक हालचालींविषयी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या त्यांत बसण्याविषयी स्वतंत्र शिफारस नव्हती. २०२० सालच्या शिफारशींत ती आली. या रुग्णांना बसणे कमी करणे का जमत नाही याचा शोध घेणारे लेखनही याच सुमारास वाढत गेले. मुलाखती, प्रश्नावल्या, मांडीला किंवा कमरेला बांधावयाची मोजणीयंत्रे ही त्या शोधाची साधने. या लेखनाचे परीक्षण येथे करावयाचे आहे. ते वैद्यकाच्या अंगाने नव्हे. तो प्रस्तुत लेखकाचा अधिकार नाही. परंतु रुग्णाला सांगितले जाते ते एक वाक्य असते, त्याला विचारले जातात ती वाक्ये असतात, आणि तो देतो ती उत्तरेही वाक्येच असतात. तेव्हा भाषेच्या अभ्यासकाने या प्रांतात पाऊल टाकले तर ते अगदीच अनधिकाराचे होणार नाही.

विकाराचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. धमनीच्या आतल्या बाजूस मेदयुक्त थर साचून ती अरुंद होते. स्वस्थ असताना पोटरीच्या स्नायूंना पुरेसे रक्त मिळते. चालू लागताच त्यांची मागणी वाढते, पुरवठा वाढू शकत नाही, आणि ठराविक अंतरावर पोटरीत कळ येते. थांबले की काही मिनिटांत ती जाते, पुन्हा चालले की पुन्हा येते. धूम्रपान व मधुमेह ही यामागची दोन मोठी कारणे. २०१० साली जगात या विकाराचे वीस कोटींहून अधिक लोक होते असा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी पुष्कळांना लक्षणे मुळीच नसतात, किंवा असतात ती पाठ्यपुस्तकातल्यासारखी नसतात. या दुसऱ्या गोष्टीकडे पुढे वळावयाचे आहे.

लक्षणाच्या पाश्चात्य नावाची कथा मोठी गमतीची आहे. लॅटिन ‘क्लॉडिकारे’ म्हणजे लंगडणे. या धातूवरून आलेले ‘क्लॉडिकेशन’ हे नाव प्रथम माणसासाठी योजलेले नव्हते. १८३१ साली बूले या फ्रेंच पशुवैद्याने ते एका घोड्याच्या बाबतीत वापरले, आणि पुढे १८५८ साली शार्को याने तेच लक्षण माणसात वर्णन केले. घोडा खरोखरच लंगडतो. त्याला ‘मला कळ येते’ असे सांगता येत नाही, म्हणून पाहणाऱ्याला जे दिसले तेच नाव झाले. माणूस बहुधा लंगडत नाही, तो थांबतो. अर्थात् नाव पाहणाऱ्याच्या बाजूने पडले आणि तसेच राहिले. जर्मन भाषेतील लौकिक नाव मात्र रुग्णाच्या बाजूने पडलेले आहे. तेथे या विकाराला ‘दुकानांच्या काचांचा आजार’ म्हणतात. रस्त्यात पुनःपुन्हा थांबावे लागणारा माणूस लोकांच्या नजरा चुकविण्यासाठी दुकानातील मांडणी पाहत उभा राहतो, हे त्या नावाचे मर्म. वैद्यकातील पाऊणशे शब्दांच्या व्याख्येत जी गोष्ट सापडत नाही ती या एका नावात आहे. या रुग्णाला कळेइतकीच लाजही थांबविते.

आता ‘कमी बसा’ या वाक्याकडे वळू. आज्ञार्थाचे सामर्थ्य असे की तो ऐकणाऱ्यापुढे एक कृती उभी करतो. ‘दार लाव’, ‘गोळी घ्या’, ‘तीस मिनिटे चाला’. ‘कमी बसा’ ही मात्र कृती नाही. ती एका कृतीच्या प्रमाणाविषयीची इच्छा आहे, आणि ते प्रमाण किती हे कोणीच सांगितलेले नाही. २०२० च्या शिफारशींतही बसण्याचा काळ मर्यादित ठेवावा आणि त्याची जागा कोणत्याही तीव्रतेच्या हालचालीने घ्यावी असे म्हटले आहे, परंतु तासांची मर्यादा घातलेली नाही. तसा पुरावा अद्याप पुरेसा नाही असे शिफारस करणारे स्वतःच सांगतात. ही त्यांची प्रामाणिकता होय. पण रुग्णाच्या कानी ती प्रामाणिकता पोचत नाही, पोचते ते केवळ अर्धे वाक्य. चालण्याच्या उपदेशाशी याची तुलना करावी. तेथे आठवड्यातून निदान तीन वेळा, दर वेळी तीस ते पंचेचाळीस मिनिटे, कळ चांगली जाणवेपर्यंत चालणे, मग थांबणे, मग पुन्हा चालणे, आणि हे किमान बारा आठवडे, इतका तपशील असतो. तो पाळणे कठीण असेल. पण पाळला की नाही हे रात्री निजताना रुग्णाला ठाऊक असते. आपण आज ‘कमी’ बसलो काय, हे त्याला कसे कळावे? चालण्याची कळ लगेच बोलते, बसण्याला कळ नाही. निरोगी माणसांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की काही तास सलग बसले असता पायांतील धमनीची प्रसरणशीलता घटते. पण ही घट कोणालाही जाणवत नाही. ज्याची बाधा जाणवत नाही ते सोडावे, आणि ज्याने कळ येते ते करावे, असा हा दुहेरी उपदेश आहे. तो पाळला गेला नाही तर नवल करण्याचे कारण नाही.

दुसरी अडचण ‘बसणे’ या क्रियापदाची. २०१७ साली या विषयातील संशोधकांच्या एका जाळ्याने एकमताने अशी व्याख्या केली की जागेपणी बसून, रेलून किंवा पडून असताना शरीराचा ऊर्जाव्यय विश्रांतीच्या दीडपटीहून अधिक नसेल तर ते ‘बैठे वर्तन’. व्याख्या निर्दोष आहे. पण ती मराठीत उतरविताना जे घडते ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे माणूस मांडी घालून बसतो, उकिडवा बसतो, फतकल मारून बसतो, एक पाय मुडपून विळीवर बसतो, आणि खुर्चीतही बसतो. या सर्वांना एकच क्रियापद आहे. ‘दिवसातून किती तास बसता?’ असा प्रश्न एखाद्या खेड्यातील बाईला विचारला तर ती भांडी घासण्याचे, भाकरी थापण्याचे, निवडण्या-टिपण्याचे सारे तास त्यात धरील, आणि व्याकरणाच्या दृष्टीने तिचे उत्तर बिनचूक असेल. टांझानियातील हाड्झा या शिकारी जमातीवरील २०२० सालच्या अभ्यासात असे आढळले की ते लोकही दिवसाचे सुमारे दहा तास निश्चल असतात. परंतु त्यांतील बराच काळ उकिडवे किंवा गुडघ्यांवर असल्यामुळे पायांचे स्नायू खुर्चीतल्यासारखे निपचित नसतात. म्हणजे ‘बसणे’ आणि ‘बसणे’ यांत शरीराच्या दृष्टीने अंतर आहे, आणि जी प्रश्नावली ते अंतर पुसून टाकते ती तास मोजते खरी, पण कशाचे तास हे तिला ठाऊक नसते. मोजणीयंत्राने ही अडचण काही अंशी दूर होते. पण यंत्र ‘का’ सांगत नाही. त्यासाठी पुन्हा मुलाखतच घ्यावी लागते.

आणि मुलाखतीत हे क्रियापद एकटे येत नाही, आपला सारा परिवार घेऊन येते. मराठीत ‘बसणे’ हे सहायक क्रियापद म्हणून दोन प्रकारे येते हे विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. ‘रडत बसणे’, ‘वाट पाहत बसणे’ येथे ते सातत्य दाखविते, आणि त्या सातत्याला वेळ वाया गेल्याचा एक सूक्ष्म ठपका चिकटलेला असतो. ‘बोलून बसणे’, ‘गमावून बसणे’ येथे ते हातून घडलेली आणि आता न फिरणारी चूक दाखविते. नोकरी गेलेला माणूस ‘घरी बसलेला’ असतो. आयते खाणारा ‘बसून खातो’. पण दुसऱ्या बाजूस पाहावे. पाहुणा आला की पहिला शब्द ‘बसा’. ज्याला ‘बसा’ म्हटले नाही त्याचा अपमान झाला. विद्येला ‘बैठक’ लागते. धंद्यात ‘जम बसतो’, संसाराची ‘घडी बसते’, मनात ‘विश्वास बसतो’. कोण कोणासमोर बसू शकतो आणि कोणाला उभे राहावे लागते यावर या समाजाने शतकानुशतके माणसांची उतरंड रचली. खुर्चीला ‘मान’ मिळाला तो उगीच नव्हे. एकाच क्रियापदात आळसाचा ठपका आणि प्रतिष्ठेची पावती अशा दोन्ही गोष्टी नांदतात. तेव्हा ‘तुम्ही फार बसता’ हे वाक्य वैद्याच्या तोंडी माहिती असते, पण रुग्णाच्या कानी तो आरोप होतो. आरोपाला माणूस कारणे देतो. मुलाखतींतून ‘अडथळे’ म्हणून जे गोळा केले जाते त्यात खरे अडथळे किती आणि आरोपाची उत्तरे किती, हा भेद करण्याची सोय या लेखनात मला क्वचितच आढळली.

येथे एका गैरसमजाचे निवारण केले पाहिजे. भाषा विचारांना साच्यात घालते हे व्हॉर्फचे मत टोकाला नेऊन ‘मराठी माणूस क्रियापदामुळे बसतो’ असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. हे संशोधन बहुतांशी ब्रिटन-अमेरिकेतले आहे, आणि तेथील रुग्णांनाही बसणे सोडवत नाही. कळ, कळेची भीती, मधुमेह, सांधेदुखी, धाप, थकवा, घसरडे रस्ते, बाकांचा अभाव, दूरदर्शनचे सुख ही कारणे कोणत्याही एका भाषेची नाहीत. माझे म्हणणे एवढेच, की कारणे ज्या वाक्यांतून हाती येतात त्या वाक्यांची रचना पाहिल्याशिवाय कारणांची वर्गवारी करू नये.

वर्गवारीची सध्याची रूढ पद्धत अशी. २०११ साली सुझन मिची व तिच्या सहकाऱ्यांनी वर्तनबदलासाठी एक आराखडा मांडला. वर्तन घडण्यास पात्रता, संधी आणि प्रेरणा या तीन गोष्टी लागतात, असे त्याचे सार. आराखडा उपयुक्त आहे. त्याने उपदेशकाला निदान एवढे शिकविले की रुग्ण वागत नाही तो केवळ इच्छा नाही म्हणून नव्हे. परंतु या तिन्ही कप्प्यांत कर्ता एकच आहे, रुग्ण. त्याची पात्रता, त्याला मिळालेली संधी, त्याची प्रेरणा. ‘बसणे’ अकर्मक आहे, त्याला दुसऱ्याची गरज नाही, असे येथे गृहीत धरलेले दिसते. मराठी व्याकरण या ठिकाणी अधिक सावध आहे. त्याच्याजवळ ‘बसविणे’ हे प्रयोजक रूप आहे.

माझ्या मामांना हा विकार होता. साठी उलटलेली, आयुष्य उभे राहून मास्तरकी करण्यात गेलेले. इस्पितळातून परतले ते ‘बसून राहू नका’ हे वाक्य घेऊन. घरी आले तो सुनेने पाट सरकवला, मुलाने खुर्ची आणली, शेजारी भेटीस आले ते म्हणाले, ‘अहो उठता कशाला, बसा, बसा.’ पाण्यासाठी उठावे तर नातू तांब्या घेऊन हजर. भाजी आणावी म्हटले तर ‘आता तुमचे बसून खाण्याचे दिवस’. एकदा ते मला म्हणाले, ‘अरे, डॉक्टर म्हणतात बसू नका आणि घर म्हणते बसा. डॉक्टर महिन्यातून एकदा म्हणतात, घर दिवसातून पन्नासदा.’ या वाक्यात मामा बसत नव्हते, त्यांना बसविले जात होते. आणि ते प्रेमाने बसविले जात होते, म्हणून त्याला विरोध करणे म्हणजे सुनेचा पाट परत लोटणे. हे वाक्य कोणत्या कप्प्यात घालावे? ‘सामाजिक संधीचा अभाव’ असा शिक्का त्यावर मारता येईल. पण त्या शिक्क्यात सून नाही, नातू नाही, आणि लोटा परत न करण्यातली मर्यादाही नाही.

ज्या अभ्यासाने या सर्व विचाराला आरंभ झाला असे म्हणतात त्यात खरे तर ही गोष्ट स्पष्ट दिसते. १९५३ साली जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली. दुमजली गाडीत जिने चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा बसून असणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक आढळला. चालकाने बसणे पत्करले नव्हते. ते त्याच्या कामानेच पदरी घातले होते. पुढील काळात ‘बैठे काम’ मागे पडून ‘बैठे वर्तन’ हा शब्द पुढे आला, आणि बसण्याची जबाबदारी कामावरून माणसावर सरकली. पारिभाषिक शब्द बदलला की दोषाचा धनी बदलतो, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण आहे.

आता कळेविषयी. १९६२ साली जेफ्री रोझ यांनी या विकाराची पाहणी करण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. चालताना पायात दुखते काय, बसल्या वा उभ्या जागी ते सुरू होते काय, थांबल्यावर दहा मिनिटांत जाते काय, असे तिचे स्वरूप. तिच्यातून पुष्कळ रुग्ण निसटतात असे दिसल्यावर १९९२ साली एडिंबरो येथे तिची सुधारून मांडणी झाली आणि ‘दुखणे’ याच्या जोडीला ‘अस्वस्थता’ हा शब्द आला. ही सुधारणा योग्य दिशेची होती, कारण प्रत्येक रुग्णाला ‘दुखतच’ असे नाही. आपल्याकडे पोटरीत ‘गोळा येतो’, पाय ‘भरून येतात’, ‘ओढतात’, ‘आखडतात’, पायांत ‘जीव राहत नाही’, ‘शिरेवर शीर चढते’. यांतील एकही माणूस ‘पाय दुखतात का?’ या प्रश्नाला निःशंकपणे हो म्हणेल असे नाही. शिवाय मराठीत ‘दुखणे’ ही केवळ वेदना नव्हे. ‘दुखणे’ म्हणजेच आजार. आजारी माणूस तो ‘दुखणेकरी’. ‘दुखणे अंगावर काढू नये’ हे आपल्या घराघरांतले शहाणपण. आणि वैद्य नेमके काय सांगतो? दुखेपर्यंत चाला! २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत असे दिसले की घरच्या घरी चालण्याचा जो कार्यक्रम कळ येईल इतका जोमाचा होता त्याने बारा महिन्यांत चालण्याची मजल वाढली. जो कळ टाळून मंद चालण्याचा होता त्याचा लाभ काहीच न करणाऱ्यांहून अधिक दिसला नाही. म्हणजे वैद्याचे म्हणणे पुराव्याने सिद्ध आहे. चालताना येणारी ती कळ स्नायूला इजा झाल्याची खूण नव्हे, हेही खरे. पण ज्या भाषेत दुखणे हेच आजारपण आहे तिच्यात हे वाक्य ‘आजारात चालत जा’ असे ऐकू येते. तेथे दुसरा शब्द शोधणे हे अनुवादकाचे कर्तव्य होते. मी पाहिलेल्या मराठी पत्रकांत ते कोणी पार पाडलेले नाही.

‘शीर’ या शब्दाचेही तेच. सामान्य बोलण्यात धमनी, नीला, मज्जातंतू आणि कित्येकदा कंडराही ‘शीर’ किंवा ‘नस’ या एकाच नावाने चालते. ‘पायाची नस बंद झाली आहे, चाला’ हे वाक्य ऐकून ताणाने ती नस तुटेल अशी भीती एखाद्याला वाटली, तर त्याला अडाणी म्हणण्यापूर्वी वाक्य कोणी घडविले ते पाहावे.

याहून महत्त्वाचा मुद्दा ‘थांबणे’ आणि ‘बसणे’ यांतील आहे. या विकाराची कळ नुसते उभे राहिल्यानेही जाते. कण्यातील मज्जामार्ग अरुंद झाल्यामुळे पायांत येणारी कळ मात्र पुष्कळदा बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच शमते. दोहोंचे निदान करताना वैद्य हाच प्रश्न विचारतात. म्हणजे धमनीच्या रुग्णाला विश्रांतीसाठी बसण्याची गरज नाही, उभे राहणे पुरेसे आहे. परंतु मराठीत विश्रांतीचे क्रियापदच ‘बसणे’ किंवा ‘टेकणे’ आहे. ‘दमलात? जरा बसा.’ ‘दमलात? जरा उभे राहा’ असे कोणी म्हणत नाही; म्हटले तर ती शिक्षा वाटेल. भर रस्त्यात विनाकारण उभ्या राहिलेल्या वृद्धाकडे लोक पाहतात, कट्ट्यावर टेकलेल्या वृद्धाकडे पाहत नाहीत. जर्मन रुग्णाने काचेचा आडोसा शोधला, आपला रुग्ण कट्टा शोधतो. आणि कट्टा न सापडण्याची भीती असेल तर तो घराबाहेरच पडत नाही. त्याच्या बसण्याच्या तासांचा उगम खुर्चीच्या ओढीत नसून रस्त्यावर उभे राहण्याच्या संकोचात आहे, ही शक्यता ‘किती तास बसता’ या प्रश्नातून कधीच उघड होणार नाही.

एका मर्यादेचा उल्लेख न करणे चुकीचे होईल. फाँतेन याने १९५४ साली या विकाराचे चार टप्पे पाडले. तिसऱ्या टप्प्यात स्वस्थ पडले असताही, विशेषतः रात्री, पावलात असह्य वेदना होतात. पाय पलंगाखाली सोडला तर गुरुत्वाकर्षणाने थोडे रक्त उतरते आणि वेदना हलकी होते. असे रुग्ण रात्ररात्र खुर्चीत बसून काढतात. त्यांच्या बाबतीत बसणे ही सवय नव्हे, तो त्यांनीच शोधून काढलेला उपचार आहे, जरी त्याने पाय सुजतात तरी. त्यांना तातडीने शल्यवैद्याकडे नेले पाहिजे. ‘कमी बसा’ असे छापलेले पत्रक हाती देऊन त्यांची बोळवण करणे क्रूरपणाचे होईल. एकच आज्ञार्थ सर्व टप्प्यांना लावणारे लेखन या ठिकाणी केवळ भाषिक दृष्ट्या सदोष राहत नाही.

मराठीत या उपदेशासाठी एक तयार शब्द आहे आणि तो कोणाला सुचलेला दिसत नाही. तो म्हणजे ‘उठबस’. संशोधकांना हवे असते ते बसण्यात खंड पाडणे. दर अर्ध्या-एक तासाने उठणे, दोन पावले टाकणे, पुन्हा बसणे. ‘उठबस’ यात बसण्याचा धिक्कार नाही, उठणे मात्र पहिले आहे. शिवाय पाहुण्यांची उठबस करणे हे घरातील कर्त्या माणसाचे काम समजले जाते, दुखणेकऱ्याचे नव्हे. या शब्दाने रुग्ण सुधारेल असा दावा मी करीत नाही. शब्दाने धमनी रुंद होत नाही. पण ‘पाहुण्यांची उठबस आता मामांकडे’ असे एखाद्या घरात ठरले, तर पाट सरकवण्याचे निदान एक निमित्त कमी होईल.

आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी प्रबंधिकेसाठी विषय शोधीत असेल तर एक काम करण्याजोगे आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण आणि गोवा येथील वृद्धांकडून चालताना पायांना जे होते त्याचे शब्द गोळा करावेत. प्रश्नात ‘दुखणे’ हा शब्द न वापरता. आणि त्याच भेटीत आणखी एक प्रश्न विचारावा, जो मी पाहिलेल्या एकाही प्रश्नावलीत नाही. आज सकाळपासून तुम्हांला ‘बसा’ असे कोण कोण म्हणाले?